सत्तर दिवसांत काय खाल्लं

फॉर्म अकरा पानी आहे.
मागच्या सत्तर दिवसांत काय काय खाल्लं,
हा प्रश्न चौथ्या पानावर.
दर्शना गिरकर, वय तेवीस, राहणार देवबाग,
खाटेवर उठून बसली आणि आठवू लागली:
पेडवे, तांदळाची भाकरी, एकदा आइस्क्रीम,
डोहाळजेवणातलं सगळं, म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच.
मी खुणा करत गेले.
सातव्या महिन्यात जे थांबलं
त्याच्यासाठी पहिल्या पानावर एक चौकोन असतो.
तो मी आधीच भरून आणला होता.

विजयदुर्गचे अब्दुलगनी वस्ता बोलू शकत नव्हते,
मेंदूला सूज.
सून म्हणाली, अब्बांना मऊच लागतं सगळं.
वेंगुर्ल्याच्या फिलोमिनाबाई सोज कर्करोगाच्या औषधांवर,
त्यांनी उलट मलाच विचारलं,
"गो बाय, तू काय खाल्लंस सत्तर दिवसात? सांग बघया."
मला परवाचंही आठवेना.

ओरोसच्या लॅबमध्ये, मऊ आगराच्या नळीत,
लिस्टेरिया वरच्या अंगाला पसरते
उघडलेल्या छत्रीसारखी.
फ्रिजमध्ये बाकीचे जंतू गारठून पडून राहतात,
ही सावकाश वाढत असते.
किनाऱ्याला थंडी कधी नव्हतीच;
आपण ती हप्त्यांवर आणली, दोन दारांची.

पुण्याहून जेलचा फोटो आला.
तीन रांगा, पट्ट्या त्याच त्याच उंचीवर.
सुटलेलं जाळं कुठल्याही पुळणीला लागो,
बोयऱ्यांवरचा रंग बघून मालक सांगतात ना,
तसं.
मग अक्षरं मोजून आली:
एकोणतीस लाखांत दोन जागी फरक.
आमच्याकडे आडनावातच गाव असतं.
हिचं गाव कुठलं?

तारी सिस्टर आणि मी पुन्हा फिरलो तिन्ही घरं.
या खेपेला फॉर्म पिशवीतच ठेवला, ओट्यापाशी बसलो.
गिरकरांच्या फ्रिजात पाकीट होतं,
पाव किलो खवलेलं ओलं खोबरं,
तोंडाला कपड्यांचा चिमटा.
वस्तांकडेही. सोजबाईंकडे तर दोन.
"हे सांगितलं नाहीत?"
"खोबरा कोण सांगता, बाय?" दर्शनाची सासू म्हणाली.
खरंच, कोण सांगतं?
पोह्यांवर, काकडीवर, उतरवलेल्या भाजीवर
मूठभर, सगळ्यात शेवटी, कच्चं.

खिडकीबाहेर त्यांचे अकरा माड.
नारळ वरच सुकतात, रात्री-अपरात्री कौलावर धपकन येतात.
पाडेली गोव्यात हॉटेलात लागला,
त्याचा मुलगा चढत नाही.
म्हणून पाकीट.

कारखाना स्वच्छ होता.
टोप्या घातलेल्या मुली, धुतलेली फरशी,
मालकांच्या स्वतःच्या घरीही हेच पाकीट;
त्यांनी चहा दिला आणि आमच्याबरोबर ओणवे होऊन बघत राहिले.
खवणीयंत्राच्या पात्याखाली एक रबरी कड,
नखाएवढी फाटलेली.
तिथून बोळा फिरवून आणला.
दहा दिवसांनी तीच छत्री, त्याच पट्ट्या.
तर हे तिचं गाव.

दर्शनाला सांगायला एकटीच गेले.
तिने सगळं ऐकून घेतलं, रबरापर्यंत.
"म्हणजे माझा काय चुकूक नाय?"
नाही, म्हटलं.
"पण डोहाळजेवणाक खोबरा मियाच जास्ती घातलंय."
याला अकरा पानांत रकाना नाही.

बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात,
एका नळीवर माझ्या अक्षरात क्रमांक आहे:
वर्ष, जिल्हा, शून्य शून्य एक.

निघताना सासरे अंगणात वर बघत उभे होते.
सरकारकडे माडावर चढणारा कोण असला
तर पाठवा म्हणाले.