प्रेक्षक गॅलरी

गेटवर पिशवी ठेवून घेतली.
"यात काय?" गोळ्या.
"कुणाच्या?" नाव सांगायचं नसतं, साहेब.
त्याने पितळेचं टोकन दिलं. सतरा नंबर.

वर बसलो आम्ही सहा जणी.
बोलायचं नाही, कठड्याला टेकायचं नाही,
टाळ्या वाजवायच्या नाहीत.
स्वतःच्या कौतुकालाही नाहीत.

खाली सन्माननीय सदस्य ठराव वाचत होते.
"मानखुर्दच्या श्रीमती शेवंती डोळसे..."
मी शेवंता डोळस. जाऊ दे.
हुस्नबानोचं तर नावच गाळलं,
जिने दोन बिल्डिंगींमधल्या बोळातला कचरा उपसायला लावला
दोन वर्षं भांडून,
तेव्हा कुठे लोकांनी खिडक्या उघडल्या.
ऊन कसलं, नुसता उजेड आला.
पण आला.

बाकं वाजली.
तळहातांनी थापत होते सगळे, थप थप थप.
तशीच मी थापते
दुसऱ्या मजल्यावरच्या पोराची पाठ,
कफ सुटेपर्यंत.
चार वाजत आले होते. त्याची गोळी
खाली, टोकन सतरामध्ये.

"हे सभागृह अभिनंदन करीत आहे,"
अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला,
खड्ड्यांचा.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खोकला.
कोरडा. मग पुन्हा. मग रुमालात.
हुस्नबानोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.
बोलायचं नव्हतं.
मी बोटांवर मोजत राहिले,
आणि मनातल्या मनात विचारून टाकलं
जे दारोदार विचारते:
साहेब, किती दिवस झाले?