काटा

कणकेचा प्रत्येक गोळा मी काट्यावर ठेवतो.
चिमूटभर कमी, चिमूटभर जास्त.
कुताइसीच्या या गल्लीत वीस वर्षं झाली,
माझा पाव कुणी पुन्हा तोलून बघितला नाही.

पिठाच्या पावतीमागे आकडे सापडले,
एकाखाली एक, ओळीगणिक उतरत गेलेले.
आधी वाटलं, कुणाची उधारी फिटत आलीय.
मग सात ओळखीचा वाटला:
मधोमध आडवी रेघ मारलेला,
तुझा सात, ओतिया.

गुदामात पोती चढवायचा मोठा काटा आहे.
त्यावर तू रात्री अनवाणी उभा राहायचास.

शाळेच्या पायऱ्यांवर कोसळलास, त्या दिवशी
बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं यानं?
मी भट्टीवाला,
अर्धी गल्ली माझ्या हातचं खाते,
आणि मला सांगता येईना.

डॉक्टर नातेला रागावल्या नाहीत.
मला बाहेर बसवून आधी तुझ्याशी बोलल्या.
मग म्हणाल्या, याची हाडं अजून लांबतायत,
वाढत्या अंगाला उपाशी ठेवून फसवू नका.
न्याहारी चुकवायची नाही. झोप हवी. चालणं हवं.
घाई नको.
आणि बदलायचं ते घरानं बदलायचं,
एकट्या पोरानं नाही.
काट्याचं काय करू, मी विचारलं.
पावासाठी ठेवा, म्हणाल्या.

येताना तू पुलावर थांबलास.
खाली रिओनी, बर्फाचं गढूळ पाणी घेऊन.
पाण्याकडे बघत म्हणालास,
"काका बोलला तेव्हा तूही हसलास."

आठवलं.
द्राक्षं काढून झाली होती, अंगणभर लांब टेबल,
बेसिकानं पेला उचलला तुझ्या पोटाच्या नावानं.
बावीस माणसं हसली.
मी तेविसावा.

मला कणीक मळता येते, बोलता येत नाही.
तरी माफी मागितली, तिथेच,
गळ टाकून बसलेला एक म्हातारा ऐकत असताना.
तू "हं" म्हणालास. एवढंच.

हिरव्या सरबताच्या बाटल्या घरात यायच्या थांबल्या.
मी एकदा बाहेर पिऊन आलो,
तू वासावरून पकडलंस.
संध्याकाळी टेकडी चढतो आपण;
धाप मला लागते, थांबतोस तू,
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.
अक्रोड घालून घेवडा शिजवायला शिकलास,
मीठ अजून जास्तच पडतं.

बारीहून इर्माचा फोन येतो,
कुणा परक्या म्हातारीला भरवून झाल्यावर.
जेवलास का, विचारते.
पूर्वी तू नुसतं "हो" म्हणायचास
आणि तुझी आई त्यावर झोपायची.
आता ताट फोनसमोर धरतोस.
रोज नाही. काही रात्री दार आतून बंद असतं,
आणि मी बाहेर, बोटांची पेरं दाराजवळ नेऊन,
वाजवू की नको.

नव्या वर्षाला बेसिकानं पुन्हा पेला उचलला,
"बघा, ओतिया कसा—"
मी त्याचं मनगट धरलं.
याच्या अंगाबद्दल या टेबलावर बोलायचं नाही.
जाड नाही. बारीक झाला, हेही नाही.
बेसिका अजून रुसलेला आहे. असू दे.

आज पहाटे चारला तू भट्टीवर आलास, न बोलावता.
म्हणालास, मी लावतो.
विहिरीसारखी खोल ही भट्टी; पाव भिंतीला चिकटवायचा
तर कमरेपर्यंत आत वाकावं लागतं,
पाय जमिनीवरून सुटतात.
मी मागून तुझा पट्टा घट्ट धरला.
तू धगीत उतरलास, हात लांब केलास, थाप मारलीस,
आणि तुझा सगळा भार
क्षणभर माझ्या दोन मुठींत आला.

किती होता ते मला माहीत नाही.

पहिला पाव वाकडा निघाला, होडी कलंडावी तसा.
टोक मोडून तू तोंडात टाकलंस,
जीभ भाजली, शिवी हासडलीस,
आणि दुसरं टोक माझ्याकडे केलंस.