पासंग

वीज गेली की मुंडकं खाली यायचं.
एकतीस किलोंचा स्पिंडल, हात सुटल्यासारखा,
फळीत टोक रुतवून बसायचा.
तीन कटर मोडले एवसेईने त्या हिवाळ्यात.
चौथा मोडला तेव्हा शिव्याही देईना,
दार उघडून
गोठलेल्या पेइप्सी सरोवराकडे बघत राहिला.

मोटार उचलते ना पण? मी विचारलं.
उचलते. उभ्या उभ्या तापते.
काही न करता नुसतं धरून राहणं,
म्हणाला, तुला काय माहीत किती दमवतं.
मी भांडी विसळत होते. बोलले नाही.

रोमानने भंगारातल्या मोटारीच्या डिकीचे
दोन गॅसचे दांडे आणून दिले.
उणे अठराला ते लुळे पडले.

मग माळ्यावरून साव्वाती आजोबांची जाळी निघाली.
कुजका दोरा, वाळलेले खवले,
आणि कडेने शिशाचे मणी,
प्रत्येकावर त्यांच्या दातांची खूण :
बोटं गारठली की ते दातांनीच आवळत.
एक मणी मी खिशात टाकला.
बाकीचे दुधाच्या जुन्या डब्यात वितळले,
खुणांसकट.

आईच्या माशांच्या काट्यावर तोललं. एकोणतीस.
अजून दोन हवेत, मी म्हटलं.
नकोत.
काटा अगदी मधे आला
तर नट स्क्रूच्या आट्यात डुलतो,
कधी ह्या अंगाला, कधी त्या,
आणि केसाएवढी चूक लाकडात उमटते.
त्याला एका बाजूला रेलू दे.

साखळी, दोन कप्प्या, मागे लोंबता गोळा.
जन्मभर तळाकडे ओढणारं शिसं
आताही तळाकडेच ओढतंय.
पलीकडे काही वर उचललं जातंय
ह्याची त्याला खबर नाही.
गोळ्याचंही ओझं आहेच म्हणा :
आता झटक्यात वळता येत नाही,
एवसेईने वेग थोडा उतरवला.

संध्याकाळी त्याने कटरखाली
आमच्या वाफ्यातला एक कांदा ठेवला,
बोटभर अंतरावर,
आणि भिंतीवरचा खटका पाडला.

पंखा घरघरत थांबला.
साखळी एकदा कुरकुरली.
आम्ही कांद्याकडे बघत होतो
जसं कुणी झोपलेल्या पोराकडे बघतं.

आई टॉर्च घेऊन आली.
झालं का तुमचं? म्हणाली,
कटरखाली हात घालून कांदा उचलला
आणि सूपात चिरायला घेऊन गेली.