कोंबडं झाकलं तरी

डोरीननं सहा अंडी दिली वर्तमानपत्रात गुंडाळून.
म्हणाली, एक दिवस नुसती ठेव, टोकं खाली,
प्रवासाचा शीण त्यांनाही असतो.
मी पेन्सिलीनं आकडे घातले, मराठीत, १ ते ६,
आणि टॉडमॉर्डनच्या या अरुंद घरात
टोस्टरशेजारी यंत्र लावलं.
साडेसदतीस अंश. खाचेत पाणी.
खुडूक कोंबडी जवळ जाणाऱ्याला टोचते तरी,
हे आपलं नुसतं गुणगुणतं
आणि तासातासाला अंड्यांना कूस बदलायला लावतं.

सातव्या दिवशी न्हाणीघरात अंधार करून
निषादनं मोबाइलचा उजेड धरला.
लाल तंतू. मधे एक ठिपका, हलणारा.
चार नंबरात काही नाही, नुसता बलक,
पिवळा, निवांत.
काढून टाकू या का, मी विचारलं.
तो म्हणाला, पंगतीला बसलेल्याला उठवतात का?
(हे माझंच वाक्य, कधीतरी त्याला ऐकवलेलं.)
चार नंबर राहिला.

अठराव्या दिवसापासून झाकण उघडायचं नाही.
विसाव्या रात्री
टरफलाच्या आतून कुणीतरी बोललं.

दोन नंबरानं भोक पाडलं आणि थांबला.
तास गेले. सहा. नऊ. चौदा.
निषाद चिमटा घेऊन उभा, डोळे भरलेले.
मी औषधाच्या दुकानात काम करते,
दिवसभर लोकांना सांगते किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर.
डोरीन फोनवर म्हणाली, हात मागे बांध.
एवढंच औषध.

पहाटे बाहेर आला.
पावसात पडलेल्या लोकरी मोज्यासारखा,
आणि उजव्या पायाची बोटं मिटलेली,
काहीतरी मुठीत धरून आल्यासारखी.
पुठ्ठ्याचा बूट कापला, नखाएवढा,
चिकटपट्टीनं बसवला.
तीन दिवस तो खोक्यात टपटप वाजत फिरला,
बाकीच्या चौघी त्याच्या पायावर चोच मारून बघत.
चौथ्या दिवशी बूट काढला. बोटं सरळ.
चार नंबर आम्ही रुबार्बच्या बुडाशी पुरला.

मग तांबडा दिवा, भुस्सा, सगळ्या घराला वास,
सरकारी अर्जात 'पक्षी: पाच',
मागच्या अंगणात खुराडं, कोल्ह्यासाठी दुहेरी जाळी.
चौघी तलंगा झाल्या, शहाण्यासारख्या.
दोन नंबराला तुरा फुटला.
जूनच्या एका पहाटे
गंजलेलं फाटक उघडल्यासारखा आवाज आला
आणि निषाद जिन्यावरून ओरडला, त्यालाच जमलं! त्यालाच!

शेजारचे क्लिफर्ड ऑग्डेन बेकरीत रात्रपाळी करतात.
चारला घरी येतात.
इथे जूनमध्ये साडेचारला फटफटतं.
एक आठवडा ते काही बोलले नाहीत, मग
कुंपणापाशी, टोपी हातात घेऊन, म्हणाले,
माफ करा हं, पण तो पक्षी.

आम्ही लाकडी पेटी आणली, ठेंगणी,
मान ताणता येऊ नये अशी. वर काळं घोंगडं.
भेगांना कापसाची बोळी.
चौथीच्या पेपरात मी रिकामी जागा भरली होती,
'कोंबडं झाकलं तरी ........... राहत नाही',
एक गुण. पूर्ण मिळाला होता.
कुणीतरी खरंच झाकत असेल
असं तेव्हा वाटलं नव्हतं.

साडेचारला, घोंगड्याच्या आतून,
मान वाकडी करून,
दोन नंबर आरवला.

शनिवारी डोरीन तिची जुनी व्हॅन घेऊन आली.
निषादनं त्याला स्वतः नेऊन बसवलं,
उजवा पाय एकदा दाबून पाहिला,
आणि घरात येऊन गणित करत बसला.
संध्याकाळी दारात पिशवी होती,
मनुका घातलेले सहा पाव, अजून कोमट.
चिठ्ठी नाही.

आता साडेचारला मला आपोआप जाग येते.
शेजारी शांत. टेकडीवर मेंढ्या दिसू लागलेल्या.
चपला घालते, अंगणात जाते,
घोंगडं ओढते, पेटीचं झाकण उघडते.
सवयीनं.

आत उजाडतं.