वर राहायला

खालचं घर एक तारखेपासून भाड्यानं दिलं.
मग आम्ही दोघं वर निघालो,
साठी उलटल्यावर, शिडीनं.

आधी अडगळ उतरवली.
जोडी न जुळणाऱ्या तीन स्की,
सासूबाईंचं शिवणयंत्र,
जॅमच्या रिकाम्या बरण्या, एकीत वाळलेली गांधीलमाशी.
ओड्वारनं वासे मोजले. बावीस.
मोजू नयेत म्हणतात, पण हे आमचेच होते.

काचलोकर भरताना आठवडाभर अंगाला खाज, कॉफीत धूळ,
आणि बोलणं फक्त मिलिमीटरमध्ये.

सातव्या-आठव्या वाशामधल्या फळीवर
पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं:
हाल्वोर. नोव्हेंबर. बोटं बधिर. मजुरी अर्धीच.
साल नाही.
ओड्वार बराच वेळ टॉर्च धरून उभा.
म्हणाला, एवढं झाकायचं नाही.
म्हटलं, थंडी येईल.
येऊ दे की.
त्याचं काहीतरी देणं राहिलंय या घराकडे.

आता छपरात खिडकी आहे.
ट्रॉन्डहाइमची रात्र तीतून तीन वाजताच आत येते.
ताठ उभं राहता येतं ते फक्त आढ्याखालच्या पट्ट्यात.
तिथं समोरासमोर आलो
की एकानं बाजूला व्हायचं, वाकून.
चाळीस वर्षांच्या संसारात
इतक्यांदा मान तुकवली नव्हती आम्ही,
त्यानं तर नाहीच.

खालून भाडेकरूंच्या बाळाचं रडणं,
मग पाळण्याची कुरकुर, मग काही नाही.
उशाशी ती हातभर फळी, उघडी.
बारीक वारं येत राहतं.
मी कानटोपी घालून झोपते.