कोंबडा छाप

कंपनीनं डबा बदलला.
पांढराफेक, कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरं,
आत तेच दाराचे कब्जे, तेच बारा स्क्रू.
एजंट म्हणाला, आता कसा शहरातला वाटते.

बाजाराच्या दिवशी घाटंजीला
झिंगाबाई मडावी आली,
डबा उलटापालटा करून पाहिला.
"कोंबडा कुठी गेला?"
आतच हाये, म्हटलं.
"आत कोंबडा अन् बाहेर निस्ता चुना?
नको बाप्पा.
मागच्या दाराले कोंबडाच लावला होता,
अठरा वर्षं कुरकुरला नाही."

रात्री शटर अर्धं ओढून
जुन्या खोक्यांवरचे कोंबडे कापत बसलो,
कणकेच्या खळीनं चिकटवले एकेक.
घाईत एक उलटा लागला,
पाय वर, तुरा खाली.

सकाळी पहिला तोच खपला.