खिडकीतलं जहाज

पोलाच्या गोदीमागे, तिसऱ्या आळीत, आमची एकच खिडकी, पश्चिमेची.
क्रूझरचा कणा टाकला त्या वर्षी तिच्यातून
आखाताची एक फीत दिसायची,
आणि चारनंतर टेबलावर हातभर ऊन यायचं.
मग फासळ्या उभ्या राहिल्या.
मग पत्रे चढू लागले, रोज एक, कधी दोन.
नाताळपर्यंत ऊन वीतभर उरलं,
मार्चात चार बोटं,
आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी मी पाव कापत असताना
सुरीच्या पात्यावरून उठलं
ते परत बसलं नाही.

दीड वर्ष मी भर दुपारी दिवा लावून कांदा चिरला.
तेलाचे पैसे कुठल्या अ‍ॅडमिरलनं दिले नाहीत.

बोर्तोलो माझा नवरा. त्या पत्र्यांत रिव्हेट ठोकायचा.
भट्टीवरचा पोरगा लाल खिळा चिमट्यानं फेकायचा,
दुसरा डब्यात झेलायचा,
आतून म्हातारा येरोमे रेटा देऊन बसायचा
आणि बाहेरून हा.
आठशे वेळा, हजार वेळा, दिवे लागेपर्यंत.
लग्नात ज्या कानांनी त्यानं माझं ‘हो’ ऐकलं
ते कान तिशीच्या आत त्या पोलादात गेले.

भिंतींना कान असतात म्हणतात.
आमच्या घरात फक्त भिंतींनाच होते.
रात्री अंधारात तो कुजबुजायचा,
म्हणजे त्याला वाटायचं कुजबुजतोय:
फोस्का, तुझे पाय बर्फासारखे आहेत, इकडे आण!
सकाळी हौदावर एउफेमिया बादली खाली ठेवून विचारायची,
काय गं, झाले का गरम?
अख्खी आळी हसायची. मीही.
दुसरं करणार काय.

मला काही सांगायचं असलं
तर तो तळहात माझ्या गळ्यावर ठेवायचा.
तळहात कसला, करवतीची जुनी पाटी.
पण माझा राग त्याला शब्दाआधी कळायचा,
आणि खोटं तर मी त्या हाताखाली
एकदाच बोलले. भाड्याबद्दल.

जहाज सोडलं त्या दिवशी झेंडे होते, बँड होता,
कुणीतरी राजघराण्यातली बाई, पांढरे हातमोजे,
बाटली दुसऱ्या खेपेला फुटली.
लोक टोप्या उडवत होते.
हा घसरणीच्या लाकडावर हात टेकून उभा.
चरबीचा वास, धूर,
आणि एवढं मोठं धूड मागे मागे सरकत
पाण्यात उतरलं, म्हशीसारखं, बिनदिक्कत.
हात काढून तो म्हणाला, गेलं.
बँडपेक्षा मोठ्यानं.

घरी आलो तर स्वयंपाकघरात ऊन.
टेबलावर, भिंतीवर, पार चुलीपर्यंत.
दीड वर्षाची काजळी उघडी पडली
आणि मला लाज वाटली.
मग मी नवऱ्याकडे पाहिलं.
भुवया कधी पांढऱ्या झाल्या याच्या?
दिव्याच्या उजेडात कळलंच नव्हतं.

ऊन एकोणीस दिवस राहिलं.
विसाव्या दिवशी त्यांनी नवा कणा टाकला.

पुढे युद्ध झालं.
आळी गाड्यांत भरून उत्तरेला छावणीत नेली,
आम्हाला गोदीसाठी ठेवलं.
एउफेमिया परतली नाही.
कार्यालयावरची पाटी बदलली,
साहेबाची भाषा बदलली, टोपी बदलली.
आपली क्रूझर दुसऱ्यांनी नेली
आणि कुठेतरी तोडली म्हणे,
एकेक रिव्हेट छिन्नीनं उडवून.
बोर्तोलोला मी ते सांगितलं नाही.
त्यानं गळ्यावर हात ठेवला
तेव्हा मी गप्प राहिले,
आणि गप्प राहणंही त्याला ऐकू आलं असावं.

घसरण आता रिकामी आहे. तिच्यात बडीशेप उगवलीय.
पगार नाही. ऊन मात्र पोटभर,
चारपासून मावळेपर्यंत.
तो टेबलापाशी बसतो, दोन्ही तळहात फळीवर पालथे.
सार झालं की मी लाकडावर दोनदा टकटक करते.
ऐकलं! म्हणून तो ओरडतो.
रिकाम्या आळीत ते
हौदापर्यंत जातं.